देशांतर आणि विमानाचे तास

दोन शहरांमधले अंतर किती, या प्रश्नाला आज सहसा दोन उत्तरे दिली जातात, एक किलोमीटरमध्ये आणि दुसरे तासांमध्ये, आणि ही दोन्ही एकाच वस्तूची मापे आहेत असे गृहीत धरले जाते. जिनिव्हा आणि लंडन ही जोडी घेतली, तर पृथ्वीच्या गोलावरून काढलेल्या सर्वांत आखूड मार्गाने त्यांच्यात सुमारे ७५० किलोमीटर भरतात आणि विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात या प्रवासाला साधारण पावणेदोन तास दिलेले असतात. त्यांतला प्रत्यक्ष आकाशातला वेळ तासाभराहून थोडाच अधिक असतो आणि उरलेला वेळ धावपट्टीकडे सरकण्यात, रांगेत थांबण्यात आणि उतरल्यावर दाराशी लागण्यात जातो. त्यातच जिनिव्हाचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असल्यामुळे सकाळी आठला जिनिव्हा सोडणारा प्रवासी लंडनला पावणेनऊला उतरतो, आणि लंडनहून आठला निघालेला मात्र जिनिव्हाला पावणेअकराला पोहोचतो. हा निव्वळ घड्याळाचा खेळ आहे असे म्हणून तो बाजूला ठेवला, तरी मूळ शंका उरतेच, की तासांत सांगितलेले अंतर हे नेमके कशाचे माप आहे, स्थळाचे, काळाचे की गतीचे. तिच्या पाठोपाठ धर्मविचाराच्या दृष्टीने अधिक जड असा दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे अंतर वाढल्याने किंवा घटल्याने माणसाचे कर्तव्य बदलते का.

हा दुसरा प्रश्न मुळशी तालुक्यातल्या मारुंजीसारख्या गावात पुस्तकी राहत नाही. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून असलेल्या या गावात शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, त्यांत विदर्भापासून कोकणापर्यंतची आणि महाराष्ट्राबाहेरचीही कुटुंबे राहायला आली, आणि संगणक व्यवसायाच्या रीतीप्रमाणे घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी फ्रँकफर्टला, लंडनला किंवा आम्सटरडॅमला गेली आणि आईवडील मारुंजीतच राहिले, अशी घरे या पट्ट्यात सर्रास आढळतात. अशा घरात ‘किती लांब आहे’ याचे उत्तर ‘नऊ तास’ असे दिले जाते, कारण मुंबई ते फ्रँकफर्ट हे सुमारे साडेसहा हजार किलोमीटरचे अंतर थेट विमान साधारण नऊ तासांत तोडते. मारुंजीपासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सुमारे १४० किलोमीटर तोडायला द्रुतगती मार्ग असूनही तीन तास धरावे लागतात आणि विमान सुटण्याच्या तीन तास आधी तिथे हजर राहावे लागते, म्हणजे पहिल्या १४० किलोमीटरना पुढच्या साडेसहा हजारांच्या दोनतृतीयांश वेळ लागतो, ही गोष्ट त्या उत्तरात धरलेली नसते.

तासांचे माप स्थळाशी बांधलेले नाही, हे युरोपच्या अलीकडच्या इतिहासाने चांगलेच दाखवून दिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम बर्लिनकडे जाण्यासाठी पूर्व जर्मनीवरून तीन हवाई मार्गिका ठरवून दिलेल्या होत्या, प्रत्येकीची रुंदी सुमारे ३२ किलोमीटर होती, त्यांतून फक्त अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांनाच जाता येत असे आणि तीही फार उंचावरून नव्हे. १९९० मध्ये जर्मनी एक होईपर्यंत जर्मनांच्या स्वतःच्या लुफ्तान्सा कंपनीला त्यांच्याच जुन्या राजधानीत विमान नेता येत नव्हते. फ्रँकफर्ट आणि बर्लिन यांच्यातले सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर त्या चार दशकांत एका तसूनेही वाढले किंवा घटले नाहीत. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला जाण्याचा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांनाही वळसा पडला. राजकारण बाजूला ठेवले, तरी वरच्या थरातले पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे आहेतच, आणि त्यांच्यामुळे लंडनहून मुंबईला येताना लागणारा वेळ मुंबईहून लंडनला जाताना लागणाऱ्या वेळेपेक्षा सहसा कमी असतो. जे माप जाताना एक आणि येताना दुसरे भरते, ते दोन स्थळांमधल्या संबंधाचे माप असू शकत नाही.

या ठिकाणी वैशेषिक दर्शनाची मदत घेण्यासारखी आहे. कणादाच्या सूत्रांपासून सुरू होणारे आणि प्रशस्तपादाच्या ग्रंथात सुघटित झालेले हे दर्शन जगातल्या पदार्थांची वर्गवारी करते आणि त्या वर्गवारीत दिक् म्हणजे दिशा किंवा अवकाश आणि काल ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानते. दोन्ही एकेकच आहेत, नित्य आहेत आणि सर्वत्र व्यापून आहेत. गुणांच्या यादीत मात्र परत्व आणि अपरत्व अशी एक जोडी येते. परत्व म्हणजे पलीकडचेपणा आणि अपरत्व म्हणजे अलीकडचेपणा, आणि ही जोडी दोन प्रकारची आहे: दिशेमुळे येणारी आणि काळामुळे येणारी. दिशेमुळे आलेले परत्व म्हणजे दूर असणे, काळामुळे आलेले परत्व म्हणजे वयाने वडील असणे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेल्या तर्कसंग्रहात हा विषय दोन-तीन वाक्यांत आटोपला आहे, आणि १८९७ मध्ये यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची या ग्रंथाची आवृत्ती मुंबईहून निघाल्यापासून तो महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या पाठातला आहे. पण त्या दोन-तीन वाक्यांच्या पोटात काय आहे ते पाहायचे तर त्याच शतकातल्या विश्वनाथाच्या मुक्तावलीकडे वळावे लागते.

मुक्तावलीत उदाहरण शहरांचेच आहे. पाटलिपुत्राहून पाहिले असता काशीपेक्षा प्रयाग दूर आहे, आणि त्याच पाटलिपुत्राहून कुरुक्षेत्राशी तुलना केली तर प्रयाग जवळ आहे. एकच प्रयाग दूरही आहे आणि जवळही, तेव्हा दूरपणा हा प्रयागात विटेत लालपणा असावा तसा मुरलेला गुण नाही, हे उघड होते. तो उत्पन्न होण्यासाठी एक अवधी लागतो, म्हणजे जिथून मोजायचे ते ठिकाण; तुलनेचे दुसरे ठिकाण लागते; मधल्या मूर्त पदार्थांचे, म्हणजे मर्यादित आकाराच्या वस्तूंचे, एकमेकांना लागून असलेले संयोग किती अधिक किंवा किती कमी याचे ज्ञान लागते; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सगळे एकत्र धरणारी कोणाची तरी बुद्धी लागते. या बुद्धीला वैशेषिक अपेक्षाबुद्धी म्हणतात, आणि ती मावळली की तिच्यातून उपजलेले परत्वही मावळते, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. रस्त्याची लांबी हा परिमाण नावाचा निराळा गुण आहे आणि तो कोणी पाहिला नाही तरी राहतो. दूरपणाला मात्र पाहणारा लागतो. काळामुळे येणारे परत्व सूर्याच्या गतीच्या आवर्तनांवर मोजले जाते, ज्याच्या जन्मापासून आवर्तने अधिक झाली तो वडील, आणि त्याचा संबंध फक्त जन्मलेल्या वस्तूंशी येतो. म्हणून एखादे शहर दुसऱ्या शहरापासून ‘काळाने’ दूर आहे असे म्हणायला या दर्शनात जागाच नाही. विमानाचे नऊ तास तिथे कोणत्या रकान्यात पडतील, तर कर्माच्या, म्हणजे क्रियेच्या. क्रिया एका स्थळापासून विभाग घडवते आणि दुसऱ्या स्थळाशी संयोग घडवते, आणि त्या दोहोंच्या मधला वेळ विमानाच्या, वाऱ्याच्या आणि परवानग्यांच्या मानाने आखूड किंवा लांब होतो.

काळात मोजलेले एक अंतर मात्र भारतीय शास्त्रांना पूर्वीपासून ठाऊक होते आणि त्याला वाहनाची गरज नव्हती. सिद्धांतज्योतिषात उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या गावासाठी ग्रहगणितात जो फरक करावा लागतो त्याला देशांतर संस्कार म्हणतात, आणि तो योजनांवरून घटिका-पळांत काढला जातो. एकच चंद्रग्रहण दोन गावांत कोणकोणत्या स्थानिक वेळी दिसले यावरून तो पडताळून पाहण्याची रीत सूर्यसिद्धांतात सांगितली आहे. पृथ्वीच्या एका अंशाला चार मिनिटे या आजच्या हिशेबाने मारुंजी आणि फ्रँकफर्ट यांच्यातले सुमारे ६५ रेखांश म्हणजे चार तास वीस मिनिटे होतात. हा फरक कोणत्याही विमानाने मिटत नाही, आणि पुढे तो पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

धर्मशास्त्राने अंतराचा विचार केला तो मात्र गणितासाठीही नव्हे आणि तत्त्वचर्चेसाठीही नव्हे. नातलग परगावी मेला, तर अशौच, म्हणजे व्यवहारात ज्याला सुतक म्हणतात ते, किती दिवसांचे धरायचे, या अगदी घरगुती अडचणीतून त्याला देशांतराची, म्हणजे परदेशाची, व्याख्या करावी लागली. निबंधग्रंथांत, म्हणजे वेगवेगळ्या स्मृतींची वचने विषयवार एकत्र करून त्यांचा निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, या व्याख्या शेजारी शेजारी उद्धृत केलेल्या सापडतात. कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. दुसऱ्या एका व्याख्येप्रमाणे मध्ये महानदी किंवा डोंगर आडवा आला, किंवा बोली बदलली, की देशांतर झाले, मग योजने कितीही कमी असोत. आणि तिसरी व्याख्या म्हणते, की जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर. या तीन मापांत पहिले लांबीचे आहे, दुसरे अडथळ्याचे आणि तिसरे काळाचे. पण तिसऱ्यातला काळ माणसाच्या प्रवासाचा नाही, बातमीच्या प्रवासाचा आहे. दहा रात्री हा आकडाही हवेतून आलेला नाही, कारण सपिंडांचे, म्हणजे जवळच्या भावकीचे, मृताशौच दहा दिवसांचे असते, आणि ते संपण्याच्या आत जिथे बातमी पोहोचत नाही ते ठिकाण कर्तव्याच्या हिशेबात दूर. म्हणजे इथे अंतर कर्तव्याच्या मुदतीशी ताडून पाहिले जाते. वैशेषिकांनी दूरपणासाठी जो अवधी आणि जो पाहणारा मागितला होता, तो धर्मशास्त्राने अशा रीतीने पुरवला: अवधी म्हणजे मृताचे घर आणि पाहणारा म्हणजे ज्याच्यावर काही करण्याची जबाबदारी आहे तो.

व्याख्येनंतरचे नियम याच धोरणाने जातात. १६१२ मध्ये कमलाकरभट्टाने काशीत पूर्ण केलेला निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू हे दोन ग्रंथ महाराष्ट्रातल्या भिक्षुकवर्गाचे रोजच्या वापरातले आधार राहिले आहेत. कमलाकरभट्ट काशीकर खरा, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे होते. या परंपरेत बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस पाळायचे, त्यानंतर काही महिन्यांपर्यंत कळली तर तीन रात्री, आणखी उशीर झाला तर दीड दिवस, मग एक दिवस, आणि शेवटी केवळ स्नान, अशी उतरती श्रेणी आहे, आणि देशांतर असेल तर दहा दिवसांनंतर कळल्यावर नुसत्या स्नानानेही शुद्धी मानलेली आहे. दूर असणे ही इथे एक सवलत आहे, आणि ती देताना शास्त्रकारांनी हात आखडता घेतलेला नाही. एका ठिकाणी मात्र ही सवलत पूर्णपणे काढून घेतली जाते. आई किंवा वडील वारले असतील, तर मुलगा कितीही दूर असो आणि बातमी कळायला वर्ष उलटून गेलेले असो, ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून त्याला पुरते दहा दिवस अशौच आहे. भावकीच्या बाबतीत शास्त्र अंतर मोजते, आईबापांच्या बाबतीत मोजायचेच नाकारते. अंतराविषयीचा सगळा धर्मविचार या एका अपवादापाशी येऊन थांबतो, असे म्हणायला हरकत नाही, कारण योजने, नद्या, डोंगर आणि बोली हे सगळे मोजून झाल्यावर काही नात्यांत दूरपणा उपजतच नाही, हे त्यात मान्य केलेले आहे.

समुद्रयानाचा निषेध हा याच विषयाचा भाग समजला जातो, पण तसे समजणे चुकीचे आहे. बौधायनाने समुद्रप्रवास पतनीय, म्हणजे पतित करणाऱ्या, कर्मांत घातला आणि पुढे तो कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात टाळायच्या गोष्टींत, गणला गेला. त्यामागे आचार बिघडण्याची भीती होती, लांबीची नव्हती, कारण पुण्याहून पायी काशी गाठायला महिने लागत असताही त्या प्रवासावर कोणी बोट ठेवले नाही, उलट तो आयुष्याची सार्थकता मानला.

वार्तेचे माप पहिल्याने मोडले ते तारेने. १८७० मध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालच्या तारेने जोडली गेली आणि बातमीचा वेग माणसाच्या वेगापासून सुटा झाला. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा माणसाला आणि पत्राला आठवडे लागत होते. तार मात्र त्याच काळात त्याच समुद्रांच्या तळाशी काही तासांत पोहोचत होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले, तेव्हा माणूसही बातमीच्या जवळपास येऊ लागला, पण बरोबरीला आला नाही, आणि तो कधी येणारही नाही. फोनच्या पडद्यावर मृत्यू त्याच क्षणी दिसतो. दहा रात्रींच्या कसोटीने पाहिले, तर आज पृथ्वीच्या पाठीवर देशांतर जवळजवळ शिल्लकच नाही; साठ योजनांच्या आणि बोलीभेदाच्या कसोटीने पाहिले तर फ्रँकफर्ट निःसंशय देशांतर आहे. शास्त्रकारांनी तीन मापे शेजारी ठेवली, कारण त्यांच्या काळी ती साधारण एकाच दिशेने बोलत. आज ती एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

मुळशी-मावळच्या गावगाड्याने स्वतःचे एक माप कोणत्याही पोथीशिवाय घडवलेले आहे. माणूस गेला की शिवेलगतची आणि आसपासच्या गावांची सोयरीक मातीला येते, म्हणजे अंत्यसंस्काराला. ज्याला तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य नसते तो तिसऱ्या दिवशी सावडायला येतो, म्हणजे अस्थी आणि राख गोळा करण्याच्या विधीला. आणि त्याहून लांबचा दहाव्याला. दहाव्याला सकाळी नदीच्या घाटावर पिंड मांडले जातात, एखाद्या कीर्तनकाराचे प्रवचन होते, भावकीतले पुरुष डोकी भादरून बसलेले असतात आणि सगळ्यांची नजर कावळा पिंडाला शिवतो का इकडे लागलेली असते. मातीला कोण आले आणि कोण नुसते दहाव्याला आले, याची मनातल्या मनात नोंद होते, पण जो जितका लांब त्याला तितकी मुदत, हे सर्वांना मान्य असते. पूर्वी लांबच्याला उशिरा कळे आणि तो उशिरा येई, आणि त्या उशिराबद्दल त्याला कोणी दोष देत नसे, कारण उशीर त्याचा नव्हता, रस्त्याचा होता. आता मुंबईच्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाची वेळ घरात माहीत असते, तेव्हा ‘संध्याकाळचे मिळाले नाही का’ हा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारला गेला नाही तरी परदेशातल्या मुलाला तो ऐकू येतो. विमानाने देशांतर मिटवले नाही. देशांतराची सवलत तेवढी काढून घेतली.

त्यातून जो खरा पेच उभा राहतो तो शास्त्रातल्या दोन नियमांच्या ओढाताणीचा आहे. औरस पुत्र, त्यातही ज्येष्ठ, हा अंत्यकर्माचा मुख्य अधिकारी. दुसरीकडे रात्रभर ठेवलेले प्रेत पर्युषित, म्हणजे शिळे, मानले जाते आणि त्याच्या दहनापूर्वी पंचगव्याचे स्नान व प्रायश्चित्त सांगितलेले आहे. शीतपेटी ही सोय झाली, नियमाला उत्तर झाले नाही; तिच्यामुळे देह टिकतो, पण घर थांबून राहते, आणि चूल न पेटलेल्या घरातली म्हातारी माणसे व लहान मुले दोन-दोन रात्री त्या थांबण्याचा भार उचलतात. शास्त्राचा कल पाहिला तर तो थांबण्याकडे नाही. मुख्य अधिकारी जवळ नसेल तर कोणी करावे याचा क्रम ग्रंथांत दिलेला आहे, आणि सगोत्र असो वा नसो, स्त्री असो वा पुरुष, ज्याने पहिल्या दिवशी कर्म हाती घेतले त्याने दहा दिवसांचे पिंड पुरे करावेत, असेही एक प्रसिद्ध वचन सांगते. या वचनातला ‘स्त्री असो’ हा भाग आजच्या भिक्षुकवर्गात पुरेसा उच्चारला जात नाही, आणि मारुंजीत आईवडिलांपाशी राहणारी मुलगी असताना फ्रँकफर्टच्या मुलासाठी देह दोन दिवस ठेवला जातो, तेव्हा त्यामागे शास्त्र कमी आणि रूढी अधिक असते. दूरच्या मुलाचा वाटा त्याने कमी होत नाही, कारण त्याच्या दहा दिवसांचा आधार अग्नी देणे हा नाहीच, पुत्रत्व हा आहे. तो परदेशात राहूनही ते दिवस पाळू शकतो, आणि शास्त्राने त्याच्याकडून मागितले आहे ते एवढेच. मृताच्या घरी अमुक तासांत हजर राहण्याची अट ग्रंथांत नाही, ती वेळापत्रकाने घातलेली आहे.

तीर्थयात्रेच्या प्रकरणात अंतराचा हिशेब नेमका उलटा होतो. तिथे वाट लवकर सरावी अशी शास्त्राची इच्छाच नाही. ऐश्वर्याच्या तोऱ्यात वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते असे मत्स्यपुराण बजावते. निबंधकार वाहनाने अर्धे पुण्य जाते असा हिशेब मांडतात, दुसऱ्या कामाने गेलेल्याला वाटेत तीर्थ घडले तर अर्धे फळ देतात आणि दुसऱ्यासाठी मोल घेऊन जाणाऱ्याला सोळावा हिस्सा. कंपनीच्या कामासाठी वाराणसीला जाऊन सायंकाळी गंगेवर उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रश्न त्यामुळे फार पूर्वीच सुटलेला आहे. पण पुण्य अंतरावर अवलंबून असते तर पंढरपुरात जन्मलेला माणूस सर्वांत कमनशिबी ठरला असता, आणि शास्त्र तर क्षेत्रवासाची थोरवी सांगते. महाभारताच्या वनपर्वातही तीर्थाचे फळ हात, पाय आणि मन आवरलेल्याला मिळते असाच अभिप्राय आहे, चाललेल्या योजनांना नाही. म्हणून वाहनावरचा आक्षेप हा लांबीसाठी नसून वाटेने माणसावर जे घडवायचे असते ते घडू न देण्यासाठी आहे, असा त्याचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक होईल. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघणारी तुकोबांची पालखी मारुंजीपासून काही मैलांवरच्या आकुर्डीत मुक्काम करते आणि पंढरपूरला आषाढ शुद्ध दशमीला पोहोचते. एसटीने एका दिवसात होणारे अंतर अठरा-एकोणीस दिवसांचे केले जाते, आणि त्या दिवसांतला एकही दिवस वाया गेला असे कोणी वारकरी मानत नाही.

पण चालणाऱ्याचे पाय थकले तर काय, याचे उत्तर याच परिसरात आहे. चिंचवडचे मोरया गोसावी मोरगावच्या मयूरेश्वराची वारी नेमाने करत, आणि वय झाल्यावर ती वाट त्यांना झेपेना, तेव्हा देवाने आपणच चिंचवडला येतो असे सांगितले आणि कऱ्हेच्या पात्रात स्नान करताना त्यांच्या हाती मूर्ती आली, अशी परंपरेची कथा आहे. चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात तीच मूर्ती पुजली जाते असे मानतात, आणि तरीही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जातेच. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले, ही हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही ठिकाणी ज्याला चालवत नाही त्याच्याकडे दुसरे टोक येते. यात्रेतले अंतर जाणाऱ्याच्या मालकीचे असते, तो ते हवे तसे लांबवू शकतो, आणि लांबवण्यानेच त्याला अर्थ येतो. मृत्यूतले अंतर मात्र जो थांबला आहे त्याच्या वाट्याला येते. तिथे विमानाचे नऊ तास प्रवाशाचे नसतात, शीतपेटीशेजारी बसलेल्यांचे असतात. एकाच प्रवासाला दोन ठिकाणी दोन विरुद्ध न्याय लावणे विसंगत दिसते, पण दूरपणा पाहणाऱ्यावाचून उपजत नाही हे मान्य केले की त्यात विसंगती राहत नाही, कारण दोन्ही ठिकाणी पाहणारा वेगळा आहे.

पहिले वर्ष सरल्यावर येणारे वर्षश्राद्ध या चर्चेला आणखी एक वळण देते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्याचा काळ, आणि ती सुरू होण्याचा व संपण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो, म्हणून मृत्यूची तिथी कोणत्याही देशात तीच राहते. श्राद्धाचा दिवस मात्र ती तिथी अपराह्णात, म्हणजे दिवसाचे पाच भाग केल्यावर येणाऱ्या चौथ्या भागात, कोणत्या दिवशी सापडते यावर ठरतो, आणि अपराह्ण हा ज्याच्या त्याच्या गावच्या सूर्याचा असतो. मारुंजीत अपराह्ण उलटून गेल्यावर सुरू झालेली तिथी चार तास वीस मिनिटांनी मागे असलेल्या फ्रँकफर्टमध्ये त्याच दिवशी अपराह्णाला लागू होऊ शकते. अशा वर्षी दोघा भावांपैकी फ्रँकफर्टचा भाऊ वडिलांचे श्राद्ध आदल्या तारखेला करील आणि मारुंजीचा दुसऱ्या तारखेला, दोघांचीही तिथी बरोबर असेल, आणि पुणे शहरासाठी गणित केलेले पंचांग फ्रँकफर्टच्या भावाने डोळे मिटून वापरले तर चूक त्याचीच ठरेल.